दुसरं पुस्तक कपाट निवडतं

गेल्या वर्षी जूनमधे ताईचा रविवारचा नेहमीचा व्हिडिओ कॉल आला आणि मी फोन उचलते तोच मागे भांडण चालू. ताई इंग्लंडात स्लाऊला राहते, सई तिची मुलगी, ए लेव्हलचं (तिकडच्या शाळेतला शेवटचा दोन वर्षांचा कोर्स) पहिलं वर्ष संपत आलेलं. तिने इंग्लिश लिटरेचर घेतलंय म्हणून भावोजी आधीपासूनच थोडे नाराज आहेत, पण त्या दिवशीचं भांडण वेगळंच होतं. टीचरने वर्गात सांगितलेलं की तुलनेच्या पेपरसाठी पहिलं पुस्तक ठरलंय, जोसेफ कॉनरॅडचं 'हार्ट ऑफ डार्कनेस', त्याच्या जोडीला दुसरं कुठलं घ्यायचं ते ठरायचंय, दोन पर्याय आहेत, घरी विचार करा आणि सोमवारी हात वर करून सांगा. एक ई. एम. फॉर्स्टरचं 'अ पॅसेज टू इंडिया', दुसरं सॅम सेल्व्हनचं 'द लोनली लंडनर्स'. भावोजींचं म्हणणं, यात विचार कसला करायचा? "इंडिया आहे ना त्यात, आपलं आहे ते, फुकटात मार्क मिळतील तुला." सई म्हणाली, "बाबा, मी इंडियात आख्ख्या आयुष्यात मिळून अकरा आठवडे राहिलेय." मग दोघंही फोनकडे म्हणजे माझ्याकडे वळले, कारण आमच्या घरात इंग्लिश शिकवून पोट भरणारी मी एकटीच.

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलले, दोघांचंही बरोबर आहे टाइप. फोन ठेवल्यावर मात्र दोन दिवस डोक्यात तेच. कारण हा प्रश्न फक्त सईचा नाहीये, मी इथे पुण्यात बाणेरला आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बोर्डाच्या मुलांचे लिटरेचरचे क्लासेस घेते आणि दरवर्षी माझ्यासमोर हेच येतं, एक पुस्तक ठरलेलं असतं, दुसरं 'काहीतरी घ्यायचं' असतं, आणि त्या 'काहीतरी'वर कोणी दहा मिनिटंसुद्धा घालवत नाही. माझं म्हणणं सरळ सांगते, तुलनेच्या निबंधात अर्धं काम दुसरं पुस्तक निवडतानाच होऊन जातं किंवा बिघडून जातं, आणि ती निवड थीम जुळते म्हणून करायची नसते, सांगायची तऱ्हा वेगळी पडते म्हणून करायची असते, आणि ती करायची असते मुलांनी. शाळेने नाही, क्लासवाल्यांनी नाही (मी पण त्यातच आले), बापाने तर नाहीच.

आधी पेपर कसा असतो ते थोडक्यात सांगते, नाहीतर कळणार नाही. सईच्या बोर्डाचा, एडेक्सेलचा, कादंबऱ्यांचा पेपर सव्वा तासाचा, चाळीस मार्कांचा. प्रत्येक थीमखाली मोजक्या कादंबऱ्यांची यादी, त्यातल्या दोन करायच्या, पैकी निदान एक १९०० च्या आधीची हवी. सईच्या वर्गाची थीम होती वसाहतवाद आणि त्यानंतरचं जग. प्रश्नाचा साचा दरवर्षी साधारण तोच, तुमच्या दोन पुस्तकांचे लेखक अमुक गोष्ट कोणकोणत्या प्रकारे मांडतात याची तुलना करा. आता यातला 'कोणकोणत्या प्रकारे' हा शब्द बघा. प्रश्न विचारतोय 'कसं', आणि पोरं उत्तर लिहितात 'काय'. दोन्ही पुस्तकांत अत्याचार आहे, दोन्हीत एकटेपणा आहे, दोन्हीत बायकांना गप्प बसवलंय. अहो पण असणारच, म्हणून तर बोर्डाने ती एका थीमखाली ठेवली, ते शोधून काढल्याबद्दल तुम्हाला मार्क कोण देणार?

एक नमुना दाखवते. मागच्या वर्षी एका मुलीने मला निबंध आणून दिला, ऑर्वेलचं 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) आणि मार्गारेट ॲटवुडचं 'द हँडमेड्स टेल' (१९८५). ही जोडी म्हणजे इडली-चटणी, जगात कुठेही मिळते. मुलगी हुशार, इंग्रजी माझ्यापेक्षा फाडफाड. पण निबंध वाचताना मला कंटाळा यायला लागला आणि का येतोय ते कळेना, म्हणून मी पेन्सिल घेऊन प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या शब्दाला गोल करत गेले. सात वेळा 'सिमिलरली', दोनदा 'ऑन द अदर हँड'. संपला निबंध. तिने वहीच्या मधोमध रेघ मारून दोन रकाने केले होते, डावीकडे ऑर्वेल, उजवीकडे ॲटवुड, आणि मग सत्ता, भाषा, प्रेम, शेवट अशा ओळी, किराणा मालाची यादी करतात तशी. प्रत्येक चौकोन भरलेला. आणि शेवटच्या चौकोनात, जिथे 'शेवट' लिहिलेलं, तिथे दोन्हीकडे एकच शब्द, 'दुःखी'.

मी तिला म्हटलं, ही दोन्ही पुस्तकं संपल्यावर संपत नाहीत, तुझ्या लक्षात आलं का? ऑर्वेलची गोष्ट संपते आणि मग मागे एक परिशिष्ट येतं, त्यातल्या हुकूमशाही राज्याच्या नव्या भाषेचे नियम सांगणारं, कोरडं, मास्तरकी थाटाचं, आणि ते लिहिलंय भूतकाळात, साध्या इंग्रजीत. म्हणजे ती भाषा मेली की काय? ते राज्य गेलं की काय? ॲटवुडची गोष्ट संपते आणि मागे एका परिषदेतलं भाषण येतं, सन २१९५ मधलं, प्राध्यापक लोक गोष्ट सांगणाऱ्या बाईच्या टेप सापडल्या त्यावर चर्चा करतायत, मधेमधे विनोद करतायत, प्रेक्षक हसतायत. त्या बाईने जीव मुठीत धरून सांगितलेली कहाणी आणि वर हे लोक हसतायत. एका पुस्तकात ती अभ्यासकी शेपटी आशेसारखी वाटते, दुसऱ्यात तीच शेपटी कानफटात बसते. ती मुलगी गप्प झाली, मग म्हणाली, "मिस, ते मी वाचलंच नाही, गाईडमधे लिहिलं होतं ऑप्शनल आहे." ऑप्शनल! असो.

सांगायचा मुद्दा, जोडी शिळी नव्हती, जोडी करण्यामागचं कारण शिळं होतं.

आपल्याकडे शाहिरीत कलगी-तुऱ्याचे सामने व्हायचे, कोकणात शक्ती-तुरा म्हणून अजून होतात. कलगीवाला म्हणणार शक्ती थोर, तुरेवाला म्हणणार शिव थोर, समोरचा कोड्यात सवाल टाकणार आणि तुम्ही तिथल्या तिथे त्याला जबाब द्यायचा. गंमत कशात आहे? विषय एकच आहे, देव तेच आहेत, पण दुसरा पहिल्याला सोडत नाही, त्याच्याच शब्दाला धरून उलटवतो. दोघे शाहीर रात्रभर 'तुमचं बरोबर, आमचंही सिमिलरली तसंच' करत बसले असते तर लोक सतरंज्या गुंडाळून घरी गेले असते. दुसरं पुस्तक निवडायचं ते असं, पहिल्याने टाकलेल्या सवालाला ते जबाब देतं का? आणि वेगळ्या तोंडाने देतं का?

आता सईच्या प्रश्नावर येते. मी त्या आठवड्यात दोन्ही पर्यायांच्या पहिल्या काही पानांची कॉनरॅडच्या पहिल्या पानांशी गाठ घालून बघितली. 'हार्ट ऑफ डार्कनेस' आफ्रिकेबद्दल आहे असं सगळे म्हणतात पण सुरू होतं थेम्स नदीवर. 'नेली' नावाची शिडाची बोट, संध्याकाळ, ओहोटीची वाट बघत बसलेले पाच जण, एक कंपन्यांचा डायरेक्टर, एक वकील, एक अकाउंटंट, एक मार्लो नावाचा खलाशी आणि एक आपल्याला हे सगळं सांगणारा, ज्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. काठावर धुकं, शहरावर मळभ. आणि मार्लो मधेच म्हणतो की ही जागासुद्धा एके काळी पृथ्वीवरच्या अंधाऱ्या जागांपैकीच होती. मग तो काँगोची गोष्ट सांगतो, म्हणजे पुस्तकात काँगो हे नाव येत नाही, पण कॉनरॅड स्वतः १८९० मधे तिकडे बोटीवर गेलेला. गोष्ट मासिकात आली १८९९ ला. आणि लक्षात घ्या, जवळजवळ सगळी गोष्ट अवतरणचिन्हात आहे, एक माणूस सांगतोय की दुसरा माणूस काय सांगत होता.

सेल्व्हनचं पुस्तक १९५६ चं. तेही लंडनमधेच सुरू होतं, तिथेही संध्याकाळ, तिथेही धुकं, पण बोट नाही, बस आहे. मोझेस नावाचा त्रिनिदादचा माणूस चेप्स्टो रोड आणि वेस्टबोर्न ग्रोव्हच्या कोपऱ्यावर ४६ नंबरची बस पकडतो, वॉटरलू स्टेशनवर बोटीच्या गाडीने येणाऱ्या एका अनोळखी पोऱ्याला घ्यायला. वैतागलाय, कशाला मी या भानगडीत पडलो म्हणून स्वतःला शिव्या घालतोय. जे कोणी मराठी माणूस कधी परदेशात एअरपोर्टवर गावाकडच्या कोणाच्या तरी भाच्याला आणायला गेलेला असेल त्याला हे पान वाचून हसू फुटेल. आणि तो पोऱ्या उतरतो, मोझेस त्याचं नाव ठेवतो गॅलाहॅड, भर थंडीत पातळ उन्हाळी सूट, ओव्हरकोट नाही, मफलर नाही, आणि सामान विचारलं तर सामानच नाही. काम लागलं की घेईन म्हणतो.

पण खरी गंमत यात नाहीये. खरी गंमत ही की सेल्व्हनचा निवेदक, म्हणजे पात्रं नव्हे, निवेदक स्वतः, त्रिनिदादी बोलीत बोलतो. व्याकरण 'चुकीचं'. मधे उन्हाळ्याच्या वर्णनाची कितीतरी पानं अशी आहेत की पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, एका दमात. आता शेजारी कॉनरॅड ठेवा. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेने १९७५ मधे अमेरिकेत दिलेल्या गाजलेल्या भाषणात दाखवलं होतं की कॉनरॅडच्या गोष्टीत आफ्रिकन माणसांच्या तोंडी इंग्रजी येतं फक्त दोनदा, एकदा माणूस खायला मागताना आणि एकदा कुर्ट्झ (मार्लो ज्या गोऱ्या एजंटला शोधत जातो तो) मेला हे सांगताना. दोनदा! आणि सत्तावन्न वर्षांनी त्याच शहरात, तसल्याच धुक्यात, एक पुस्तक येतं ज्यात वसाहतीतला माणूस नुसता बोलत नाही तर गोष्ट सांगण्याची गादीच त्याने घेतलीये आणि ती तो त्यांच्या इंग्रजीत सांगत नाहीये, आपल्या इंग्रजीत सांगतोय. ह्याला म्हणतात सवाल आणि जबाब. यावर एक हुशार पोर सव्वा तास लिहील आणि 'सिमिलरली' हा शब्द तिला लागणारही नाही.

आणि एक गोष्ट भावोजींना फोनवर सांगायची राहिली. 'आपलं' शोधायचंच असेल तर सेल्व्हन पण आहे की, त्रिनिदादमधे जन्मला पण बापाचं मूळ मद्रासचं. आणि कॉनरॅड? पोलिश माणूस, इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा, पोलिश आणि फ्रेंचनंतरची. म्हणजे दोघंही बाहेरून येऊन इंग्रजीत शिरलेले, एकाने इंग्रजांपेक्षा जड इंग्रजी लिहिलं, दुसऱ्याने मुद्दाम तोडलं. प्रमाणभाषा का बोली हा वाद आपण मराठीत इतकी वर्षं घालतोय की हा मुद्दा मराठी घरातल्या पोरीला अर्ध्या मिनिटात कळेल. तिच्या मराठीपणाचा उपयोग तो इथे आहे, 'इंडिया' हा शब्द कव्हरवर आहे यात नाही.

हे 'आपलं आहे ना' प्रकरण पुण्यातही आहे, फक्त उलटं. आयबीत पेपर टू म्हणजे पावणेदोन तास, पुस्तकं जवळ नाहीत, चार प्रश्नांपैकी एक, आणि वर्षभर केलेल्या कलाकृतींपैकी दोन घेऊन तुलना. लिटरेचरच्या कोर्समधे भाषांतरित कलाकृती घ्याव्याच लागतात. म्हणजे आमच्या पोरांना मराठीतून इंग्रजीत गेलेलं काही घ्यायला दार सताड उघडं आहे. पण घरून काय येतं? "मॅडम, मराठी नको, एक्झामिनरला काय कळणार." मी दोन वर्षांपूर्वी एका मुलाला हट्टाने सांगितलं की तू आर्थर मिलरचं 'द क्रूसिबल' केलंयस ना, त्याच्याशी तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' लावून बघ, इंग्रजी भाषांतर आहे. वडील नाराज. मुलगा पण आधी थीमवरच गेला, दोन्हीत खटला, दोन्हीत समाज दांभिक.

मग आम्ही बसलो. मिलरचं नाटक १९५३ चं, त्यातला खटला खरा, १६९२ मधे सेलम गावात चेटकीण म्हणून एकोणीस माणसांना फाशी दिलं तो. तेंडुलकरांचं १९६७ चं, आणि त्यातला खटला खोटा. सगळ्यांना माहितीये की खोटा आहे, नाटकमंडळी गावात प्रयोगाला आलीयेत, रात्रीपर्यंत वेळ घालवायचाय म्हणून खेळ चाललाय, पान-सुपारी खात. खऱ्या खटल्यात माणूस मरतो हे समजायला सोपं आहे. खोट्या खटल्यात आरोपी केलेली बेणारे बाई कशी मरते? म्हणजे मरत नाही, पण खेळ संपल्यावर ती उठत नाही. मिलर तर पहिल्या अंकात मधेच नाटक थांबवून पानंच्या पानं स्वतः येऊन समजावतो, हा माणूस असा होता, हा काळ तसा होता. तेंडुलकर एक अक्षर समजावत नाहीत. आणि मिलरचा नायक प्रॉक्टर शेवटी आपल्या नावासाठी बोलतो तेव्हा समोर न्यायाधीश ऐकतायत, बेणारे आपलं सगळं आयुष्य बोलून दाखवते तेव्हा बाकीचे पुतळ्यासारखे थिजलेत, ऐकणारं कोणीच नाही, फक्त आपण, प्रेक्षक. त्या मुलाने हे स्वतः शोधलं, मी फक्त चहा केला. किती मार्क पडले ते मी मुद्दाम सांगत नाहीये, एका मुलाच्या मार्कांवरून काही सिद्ध होत नसतं. पण त्याने ते भाषण घरी आजीकडून मराठीत मोठ्याने वाचून घेतलं, एवढं मला माहितीये.

आता विरुद्ध बाजू, कारण ती खोटी नाहीये. पहिलं म्हणजे, निवड मुलांच्या हातात दिली की काय होतं ते ऑस्ट्रेलियात बघून झालंय. न्यू साउथ वेल्सच्या बारावीला, एचएससीला, इंग्लिशच्या पेपरात नेमलेल्या पुस्तकाबरोबर मुलाने स्वतः शोधलेलं एक 'रिलेटेड टेक्स्ट' जोडायचं असायचं. कल्पना किती छान. प्रत्यक्षात काय, क्लासेसनी तयार जोड्या विकल्या, मुलांनी निबंध घरून पाठ करून आणले, प्रश्न काहीही असो, उत्तर तेच, फक्त पहिल्या ओळीत प्रश्नातला शब्द घुसडायचा. २०१९ च्या परीक्षेपासून ते लेखी पेपरातून गेलं, शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनापुरतं उरलं. माझी एक मैत्रीण सिडनीत ट्यूशन घेते, ती म्हणते बरं झालं गेलं. मला तिचं पटतं आणि नाही पटत. पाठांतराचा रोग निवडीमुळे झाला नव्हता, निवडीचं काम क्लासला विकल्यामुळे झाला होता. आणि विकत कोण होतं, तर आम्हीच, माझ्यासारखे.

दुसरं, तीस मुलांनी तीस पुस्तकं आणली तर एक टीचर शिकवणार काय? बरोबर आहे. मी तीस पुस्तकं म्हणतच नाहीये. यादीतली दोन-तीन, एवढंच.

तिसरं आणि सगळ्यात जड, ज्या पोराच्या घरी पुस्तकांचं कपाट नाही त्याला निवड म्हणजे काय मिळणार, त्याने कशातून निवडायचं? हे मला स्वतःला टोचतं, कारण माझ्याकडे येणारी सगळी मुलं कपाटवाल्या घरांतली आहेत. पण याचं उत्तर निवड काढून घेणं हे नाहीये. उलट जिथे निवड मोठ्यांवर सोडली तिथे काय झालं ते बघा. २०२१ मधे पेंग्विन प्रकाशन आणि वांशिक समतेवर काम करणाऱ्या रनीमीड ट्रस्टने मिळून एक अहवाल काढला होता, त्यात दिसलं की इंग्लंडमधे जीसीएसईला, म्हणजे तिकडच्या दहावी-अकरावीला, गोऱ्या नसलेल्या लेखकाचं आख्खं पुस्तक अभ्यासलेली मुलं एक टक्क्याहूनही कमी. ज्या देशात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी तिसरा हिस्सा काळ्या, आशियाई किंवा इतर अल्पसंख्य घरांतला आहे तिथे. बोर्डांच्या याद्यांत अशी पुस्तकं अगदीच नव्हती असं नाही, थोडी का होईना होती. पण शिक्षकाकडे नोट्स जुन्या पुस्तकाच्या, परीक्षेचे नमुने जुन्या पुस्तकाचे, आणि शाळेकडे नवीन सेट घ्यायला पैसे नाहीत. त्यात कोणी दुष्ट नसतं. कपाट उघडतात, जे आहे ते वाटतात.

सईच्या शाळेत हेच झालं. सोमवारी हात वर झाले, सई सांगते सेल्व्हनला जास्त होते. बुधवारी टीचरने सांगितलं की डिपार्टमेंटच्या कपाटात 'पॅसेज'च्या तीस प्रती पडून आहेत, सेल्व्हनच्या सहा, तेव्हा आपण 'पॅसेज' करतोय. मग हात कशाला वर करायला लावले? मला त्या टीचरचा राग आला आणि दुसऱ्या मिनिटाला कीवही आली, कारण आमच्या पहिल्या नोकरीत आम्हीही हेच केलंय, फक्त आमच्याकडे तीस प्रतींच्या जागी एक प्रत आणि कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान असायचं. भावोजी खूश. ताईने मेसेज केला, 'बाबा जिंकले'.

मी असते तर काय केलं असतं? फार काही नाही. जोडून दोन तास घेतले असते आणि यादीतल्या प्रत्येक पुस्तकाची पहिली चार-पाच पानं वर्गात मोठ्याने वाचली असती, तेवढ्यासाठी तीस प्रती लागत नाहीत, एक पुरते. थीमचं नाव फळ्यावर लिहायचंच नाही. फक्त विचारायचं, कोण बोलतंय? कोणाशी? या पुस्तकाने पहिल्या पुस्तकाला काय उत्तर दिलं असतं? मग दोन दिवस जाऊ द्यायचे. मग निवड, आणि निवडीबरोबर एक पानभर कारण, ज्यात 'दोन्हीमधे' हा शब्द वापरायला बंदी. ते कारणाचं पान म्हणजेच निबंधाचं बी. ज्याला ते लिहिता येत नाही त्याला टीचरने मदत करायची, त्याच्या जागी निवडून द्यायचं नाही. आणि कपाटात ज्याच्या सहाच प्रती आहेत ते निवडलं गेलं तर ज्यांना परवडतं त्यांनी जुनी प्रत विकत घ्यावी आणि शाळेच्या सहा ज्यांना परवडत नाही त्यांना द्याव्यात. एवढं गणित तर जमेल.

आता एक कबुली द्यायची आहे. सईला 'पॅसेज' मिळालं म्हणून मी उन्हाळ्यात ते परत वाचलं, बीए नंतर पहिल्यांदाच, आणि माझी थोडी पंचाईत झाली. कारण भावोजींना वाटतं त्याहून ते पुस्तक जास्त 'आपलं' निघालं. फॉर्स्टर १९२१ मधे देवासच्या महाराजांचा खासगी सचिव म्हणून राहिला होता, थोरल्या पातीचे पवार, मराठी घराणं, आणि तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने कादंबरीच्या शेवटच्या भागात घातलाय. त्यात प्रोफेसर गोडबोले (हो, गोडबोले) झांजा वाजवत भजन करतायत आणि ते भजन चक्क तुकारामाच्या नावाने आहे, तुकाराम तुकाराम, तूच माझा बाप, तूच माझी आई. मी वाचता वाचता थांबले. कॉलेजात हे पान माझ्या डोळ्यांखालून गेलं असणार, पण तेव्हा सरांच्या नोट्समधे फक्त 'ईस्ट-वेस्ट एन्काउंटर' लिहिलेलं होतं आणि आम्ही तेवढंच पाठ केलं.

पण तुकाराम आहे म्हणूनही ते कॉनरॅडचं जोडीदार होत नाही. मग कशाने होतं, तर मधल्या भागातल्या गुहेने, जिच्यात अडेला नावाची इंग्रज मुलगी एकटी शिरते. ते मी सईला सांगितलं नाही, मुद्दाम. स्वतःच्या नियमाला जागायचं म्हणून असेल किंवा मला बघायचं होतं ती पोचते का.

नोव्हेंबरमधे तिचा व्हॉइस नोट आला, मागे बसचा आवाज. "मावशी, मी ते गुहेचं चॅप्टर तीनदा वाचलं. आत तिच्याबरोबर काय झालं ते लिहिलेलंच नाहीये. ती आत जाते आणि मग एकदम दुसऱ्याचंच चालू होतं. मला वाटलं माझ्या कॉपीतलं पान फाटलंय, म्हणून मी मैत्रिणीची कॉपी पण बघितली." मी टाइप केलं, पान फाटलेलं नाही, आता कॉनरॅड काढ आणि कुर्ट्झने तिथे जंगलात रात्री नक्की काय केलं ते कुठल्या पानावर लिहिलंय ते मला सांग. दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर नाही.

चार दिवसांनी फोटो आला. जेवणाच्या टेबलवर दोन्ही पुस्तकं उघडी पालथी न ठेवता शेजारी शेजारी, एकावर मिठाची बाटली ठेवलेली पान उडू नये म्हणून, आणि दोन्हीच्या समासात पेन्सिलीने मोठं रिकामं वर्तुळ काढलेलं, आत काहीच नाही. खाली मेसेज, 'बाबांना सांगू नकोस, पण पॅसेज चांगलंय.'